तेंच पद, पुन्हां

बर्फाच्या मैदानावर पायांत पातीं बांधून नृत्य करण्याचा जो खेळ शीत देशांत चालतो, त्यांत एक वाद वारंवार निघतो. तो आमच्या वाचकांनींही ऐकण्याजोगा आहे. या खेळांतील स्पर्धक दर हंगामास दोन रचना बांधतो, एक लहान व एक मोठी. संगीत निवडावयाचें, त्यावर उड्या, गिरक्या व पदन्यास बसवावयाचे, आणि तेवढाच ऐवज घेऊन वर्षभर गांवोगांव फिरावयाचें. हंगाम संपला कीं पुष्कळजण जुनें टाकून नवें घेतात. परंतु सर्वच नाहीं. जपानच्या युझुरु हान्यू यानें शोपँ या पोलिश संगीतकाराच्या पियानोवरील पहिल्या बॅलडची लहान रचना २०१४-१५ च्या हंगामांत घेतली, ती पुढल्या हंगामांतही ठेविली, एक वर्ष बाजूस सारली आणि २०१७-१८ त पुन्हां बाहेर काढिली. तिच्याच जोरावर २०१८ सालीं प्योंगचांग येथें त्यानें आपलें दुसरें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. सोबतची मोठी रचना 'सेइमेइ' हीही २०१५ चीच होती. पुढें २०२० च्या फेब्रुवारींत सोल येथील स्पर्धेच्या वेळीं, हंगाम अर्धा उलटून गेला असतां, हातांतल्या दोन्ही रचना ठेवून देऊन तो परत या दोन जुन्यांकडे वळला आणि ती स्पर्धाही त्यानें जिंकिली.

अशा प्रसंगीं प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा भित्रेपणा होय. ज्या सुरावर एकदां टाळ्या पडल्या त्याच सुराचा पदर धरून बसणें म्हणजे कलावंतानें आपली वाढ आपणच खुंटविणें. दुसरा तट म्हणतो, घराच्या वाटेवरचा प्रत्येक दगड ओळखीचा झाल्यावरच माणूस अंधारांत धांवूं शकतो. आम्ही बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या दुकानांत, लाकडाच्या भुशांत निजविलेला. तेव्हां या खेळांत निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि एक गोष्ट त्या वादांत सहसा कोणी बोलत नाहीं, ती सांगतों. २०१५ च्या शरदांत कॅनडांतील स्पर्धेंत हान्यूच्या या लहान रचनेंतील उड्या फसल्या. पुढें थोड्याच आठवड्यांनीं जपानांतील स्पर्धेंत त्यानें तोच सूर ठेवून आंतील बांधणी फिरविली. चार फेऱ्यांची उडी एक होती तेथें दोन घातल्या. डिसेंबरांत बार्सिलोना येथें त्याच रचनेस ११०.९५ गुण मिळाले व तो त्या वेळचा उच्चांक ठरला. ऐकणाऱ्यास वाटलें कीं गेल्या वर्षींचेंच आहे. करणाऱ्यास मात्र पूर्वींपेक्षां दुप्पट ओझें घेऊन त्याच पायवाटेनें जावयाचें होतें.

इंग्लंडच्या टॉरव्हिल व डीन या जोडप्याचेंही उदाहरण पुष्कळदां देतात. १९८४ सालीं सारायेव्हो येथें राव्हेलच्या 'बोलेरो'वर नृत्य करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि तीस वर्षांनीं, २०१४ सालीं, त्याच गांवीं त्याच सुरावर तीं दोघें पुन्हां उभीं राहिलीं. परंतु तेथें पदक नव्हतें, पंच नव्हते. होती ती आठवण. सणाचें पुरण आणि रोजची भाकरी एका मापानें मोजूं नयेत, म्हणून हें उदाहरण आम्ही बाजूस ठेवितों.

हा वाद आमच्या परिसरास नवा नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या गांवास तो भूगोलानेंच दिलेला आहे. नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. पश्चिमेस कोल्हापूर, उत्तरेस मिरज. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या दरबारीं १८९५ पासून अल्लादिया खाँसाहेब होते. मिरजेस अब्दुल करीम खाँसाहेबांनीं वास्तव्य केलें. दोघेही थोर, परंतु वृत्ति अगदीं भिन्न. अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्यांत अनवट राग फार. ज्या रागांचीं नांवेंसुद्धां इतर गवयांस धड ठाऊक नसत, ते राग तेथें शिष्यांस तालीम म्हणून मिळत. बसंती केदार, संपूर्ण मालकंस, खट असा तो खजिना. श्रोत्यास एका बैठकींत नवें कांहीं ऐकावयास मिळेल याची खात्री असे, आणि मैफलींत जाणकार म्हणून मिरविणारांची बरीच पंचाईतही होत असे. मिरजेची रीत उलटी. तेथें राग बहुधा सर्वांच्या ओळखीचे, चालीही ओळखीच्या. सर्व भर सुरावर. एकेक सूर असा लावावयाचा कीं तो आजवर कधीं ऐकिला नव्हता असें वाटावें. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस अवघीं तीन-साडेतीन मिनिटें मिळत. त्यांतली झिंझोटींतील ठुमरी घ्या कीं भैरवींतील घ्या, ती आज शंभराव्या वेळीं लाविली तरी घरांतलें बोलणें थांबतें. यंत्र तर प्रत्येक वेळीं तिळमात्र फरक न करतां तेंच गातें. मग थांबतें तें काय आमचें बोलणेंच ना? म्हणजे नवेपणाचा कांहीं अंश ऐकणाराच्या पदरींही असतो, आणि आपला पदर रिकामा असला कीं आपण गवयास दोष देतों. खाँसाहेब १९३७ सालीं मद्रासेकडून पाँडिचेरीस जात असतां वाटेंत एका लहानशा स्टेशनावर निवर्तले.

याच ठुमरीच्या मुद्रिकेनें गदगच्या एका मुलास वेड लाविलें. भीमसेन जोशी यांनीं १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, गाणें शिकण्यासाठीं घर सोडलें ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? पुढें ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या घरीं कुंदगोळास राहून शिकले. भीमसेनांच्या नांवावर टीकाकारांनीं जो एक आक्षेप जन्मभर लिहून ठेविला, तो हाच कीं यांचे राग ठराविक. शुद्ध कल्याण, पूरिया धनाश्री, मुलतानी, मियाँकी तोडी, दरबारी. फिरून फिरून तेंच. त्याच काळीं देवासला कुमार गंधर्व लोकगीतांतून नवे राग शोधीत होते. त्यांचा 'अनूपरागविलास' १९६५ सालीं निघाला. तेव्हां तुलना अपरिहार्यच होती, आणि सुशिक्षित मंडळींत कुमारांची बाजू घेणें हें बुद्धिमत्तेचें लक्षण समजलें जाई. कुमारांची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु आम्हीं भीमसेनांचा शुद्ध कल्याण प्रत्यक्ष दोनदां ऐकिला. दोहोंमध्यें सात-आठ वर्षांचें अंतर असेल. चीज तीच, ठेका तोच. पहिल्या वेळीं तानांचा पाऊस होता, आणि आम्ही मित्रमंडळी मांडीवर हात मारीत बसलों होतों. दुसऱ्या वेळीं गांधाराशीं ते इतका वेळ थांबले कीं मागच्या रांगेंतील एका गृहस्थांनीं घड्याळ पाहिलें. त्या गृहस्थांस अर्थातच आधींचें तेंच वाटलें. आम्हांस असें वाटलें कीं पहिल्या वेळीं हा राग यांना येत होता आणि आतां ते रागाला येऊं देत आहेत. हा आमचा समज असेल. परंतु दोनदां ऐकिल्याशिवाय हा समजही झाला नसता, एवढें निश्चित. १९५३ पासून पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनांनीं जो महोत्सव चालविला, त्याची सांगता गुरूंच्या भैरवीच्या मुद्रिकेनें करण्याचा प्रघात पडला. दर वर्षीं तीच मुद्रिका. आणि ती संपेपर्यंत मंडपांतून उठावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं.

येथवर तेंच-तेंच करणाऱ्यांचा कैवार झाला. आतां दुसरी बाजू, आणि ती आम्हांस अधिक बोचते.

बालगंधर्व १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले व मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेंत प्रथम लोकांसमोर उभे राहिले. १९११ त 'मानापमाना'ची भामिनी, १९१६ त 'स्वयंवरा'ची रुक्मिणी, १९१९ त 'एकच प्याल्या'ची सिंधू. 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखल्यांनीं दिलेल्या. बुवा अल्लादिया खाँसाहेबांकडेही शिकलेले, म्हणजे कोल्हापूरचें पाणी तेथेंही पोंचलेलें. या नाटकांचे प्रयोग रात्र-रात्र चालत, कारण लोक 'वन्स मोअर' म्हणून ओरडत आणि नारायणराव पुन्हां गात. आमचे वडील सांगत कीं त्यांच्या वडिलांनीं एका रात्रींत एकच पद तीनदां ऐकिलें व तिन्ही वेळां त्यांत नवी जागा निघाली. यांत थोडी अतिशयोक्ति धरली तरी उरतें तें पुष्कळ आहे. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं रुक्मिणी होणाऱ्या माणसास पद पुन्हां म्हणावयास सांगणें हा गौरव होता.

परंतु तोच माणूस पन्नाशीकडे झुकला, अंगानें सुटला, नाटकमंडळी कर्जांत रुतली, बोलपटांनीं प्रेक्षक पळविले. आणि लोकांना अजूनही हवी होती ती भामिनीच. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' बोलपटांत ते एकनाथ झाले. पुरुषवेषांत, वयाला शोभेल अशी साधूची भूमिका; नव्या वाटेवर टाकलेलें तें पाऊल होतें. पण रसिकांचें मन तेथें रमलें नाहीं. ज्यांस त्यांनीं वीस-पंचवीस वर्षें शालूंत पाहिलें, त्यांस कफनींत पाहावयास तीं डोळे देईनात. पन्नाशी उलटल्यावरही त्यांस पुन्हां स्त्रीवेष करावा लागला. पुढें पाय गेले, १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा व १९६४ सालीं पद्मभूषणाचा मान मिळाला, १९६७ त ते गेले. त्यांच्या उत्तरायुष्याविषयीं लिहितांना लोक त्यांच्या उधळेपणास दोष देतात, जाहिरातीस न शोभणाऱ्या वयास हंसतात. आमच्या मतें दोषाचा मोठा वांटा 'वन्स मोअर' म्हणणारांचा आहे. ज्या हौसेनें आपण कलावंतास उचलतों त्याच हौसेनें त्यास एका वयांत खिळून ठेवितों. त्याचें वय वाढतें, आपल्या आठवणीचें वाढत नाहीं. आणि त्यानें आपल्या आठवणीच्या वयाचें राहावें असा आपला आग्रह. हान्यूनें २०२० सालीं जुनी रचना काढिली ती स्वतः निवडून. बालगंधर्वांस निवड कितीशी होती? तेंच पद तोच गवई म्हणत असतां एकदां तें त्याचें असतें आणि एकदां तो त्याचा बंदा असतो; बाहेरून दोन्ही सारखेंच दिसतें, ही यांतली दुःखाची गोष्ट होय.

शाळेंतही आम्हीं हें पाहिलें आहे. 'रघुवंशा'चा दुसरा सर्ग आम्हीं तीस-बत्तीस वर्षें शिकविला. दिलीप राजा, नंदिनी धेनु, सिंहाची गुहा. दर जूनमध्यें तोच सिंह आणि तीच गाय. सहाव्या-सातव्या वर्षीं आम्हांस त्या सिंहाचा इतका कंटाळा आला होता कीं राजानें गाय देऊन टाकावी व तास लवकर संपवावा असें वाटे. मग एके वर्षीं एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, राजा स्वतःला खा म्हणाला तेव्हां गाय काय करत होती?" त्या प्रश्नानें आम्हीं टीका पुन्हां उघडली. पुढें दर वर्षीं कोठें ना कोठें असा एखादा मुलगा भेटलाच. पिवळ्या पडलेल्या टिपणवहीवरून, मुलांकडे न पाहतां, जन्मभर तेंच वाचून दाखविणारे शिक्षकही आम्हीं पाहिले. त्यांनीं आणि आम्हीं शिकविलेला सर्ग एकच होता.

हें सर्व लिहिण्यास कारण आमची नात. वय पंधरा. मिरजेस दर रविवारीं एका गुरुजींकडे गाणें शिकावयास जाते. गेलें सबंध वर्ष गुरुजी तिच्याकडून यमन घेत आहेत. यमनाखेरीज कांहीं नाहीं; त्यांतही दोन बंदिशी. तिच्या मैत्रिणी दुसरीकडे शिकतात, त्यांचे या वर्षांत सहा राग झाले व एकीनें शाळेच्या संमेलनांत नाट्यपद म्हणून पेलाही मिळविला. नात म्हणते, क्लास सोडतें. थोरले चिरंजीव तिच्या बाजूचे. पैसे भरावयाचे ते वाढीसाठीं, उजळणीसाठीं नव्हे, असा त्यांचा हिशेब. सूनबाई गप्प राहतात, म्हणजे त्यांचेंही मत तेंच. सौ.चें म्हणणें निराळें : देवळांत करुणात्रिपदी रोज म्हणतात, पालखीचीं पदें ठरलेलीं, तेथें कधीं कोणी "कालचीच काय?" असें विचारलें आहे? पावसाळ्यांत कृष्णामाई पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडते, तें पाहण्यास दर वर्षीं तितकीच गर्दी लोटते. गेल्या वर्षींचेंच पाणी म्हणून कोण घरीं बसतें?

सौ.चा दाखला ऐकावयास गोड आहे, परंतु तो येथें लागू पडत नाहीं, असें आम्हीं त्यांस सांगितलें व त्याचें फळही भोगलें. वासुदेवानंद सरस्वती स्वामींची करुणात्रिपदी म्हणणारा ती कोणास ऐकविण्यासाठीं म्हणत नाहीं. त्यांत त्याची परीक्षा नाहीं. तसेंच वेदपाठकाचें. घनपाठांत पहिलें व दुसरें पद सरळ, मग उलट, मग तिसऱ्यासह पुढें व मागें आणि पुन्हां पुढें अशी वीण घालीत जातात. ती सारी खटपट एकही स्वर हलूं नये यासाठींच आहे. तेथें कालच्याहून आज वेगळें झालें तर तो दोष. यमनाचें तसें नाहीं. यमनांत आज जसा निषाद लागला तसाच उद्यां लागला, तर शिकणारीचा एक दिवस फुकट गेला. तेव्हां मुलीस "देवळांत बघ, तेंच म्हणतात" असें सांगून गप्प बसविणें हें तिच्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. आणि आमच्या घरांत लहानांच्या प्रश्नांस देवाचें नांव घेऊन गप्प बसविण्याची जी जुनी संवय आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

म्हणून आम्हीं तिला दुसरेंच विचारलें. गेल्या दिवाळीपूर्वीं तिच्या काकानें तिचा यमन आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला होता. तो लाविला, आणि मग तिला आतां गावयास सांगितलें. दोन्ही वेळां बंदीश एकच. जुन्यांत तीव्र मध्यम घाईनें ओलांडलेला, ओढ्यावरच्या निसरड्या दगडासारखा. पाय टेकला न टेकला कीं पंचमावर उडी. परवां ती त्या मध्यमावर उभी राहिली, थोडी डगमगली, परंतु उभी राहिली. हें तिला आम्हीं सांगितलें नाहीं. तिनेंच काकाकडून मोबाइल घेऊन जुनें गाणें पुन्हां लाविलें, तोंड वांकडें केलें आणि "ई, किती घाई!" म्हणाली.

तथापि चिरंजिवांच्या हिशेबांतही अर्थ आहे. गुरु वर्षभर एकच राग घेतो तो शिष्येची तयारी पाहून घेतो, कीं त्यास स्वतःस दुसरें शिकविण्याचा कंटाळा आहे, हें विचारण्याचा आईबापांस हक्क आहे. तो उद्धटपणा नव्हे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या परंपरेंतील गुरूंनीं एकेका सुरावर महिने घालविले अशा गोष्टी सांगून आज कोणी आळशी शिक्षक आपला आळस झांकूं शकतो, आणि आपण भोळेपणानें त्यास तपश्चर्या म्हणतों. गेल्या रविवारीं चिरंजीव स्वतः मुलीबरोबर मिरजेस गेले व त्यांनीं नम्रपणें पण स्पष्ट विचारलें. गुरुजी रागावले नाहींत. त्यांनीं मुलीस मंद्रांतल्या निषादापासून गावयास लाविलें, दोन ठिकाणीं थांबविलें आणि वडिलांस म्हणाले, "ह्या दोन जागा तुम्हांस ऐकूं आल्या का?" चिरंजिवांस एक ऐकूं आली.

ठरलें तें असें : दत्तजयंतीपर्यंत यमनच, त्यानंतर भूप, तोही तिनें यमन मनाजोगा गाऊन दाखविल्यास. नातीनें मान्य केलें, परंतु एक अट घातली आहे कीं घरांत पाहुणे आले असतां कोणीही तिला "बाळ, तें यमनांतलें म्हण बरें" असें सांगावयाचें नाहीं. सौ.स ही अट जाचक वाटते. आम्हांस ती न्याय्य वाटली व आम्हीं तिच्या बाजूनें मत दिलें.